इथेनॉलचा आराखडा आणि धान्याचा हिशेब

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळावे की मिसळू नये, हा प्रश्न आता जुना झाला. २००१ साली मिरज आणि मनमाड येथे मिश्रणाचे पहिले प्रायोगिक प्रकल्प झाले. जानेवारी २००३ पासून नऊ राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू झाले. पुढची बारा-पंधरा वर्षे ही गाडी रडतखडत चालली. नंतर मात्र तिने असा वेग घेतला की जून २०२२ मध्ये १० टक्के आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांचे उद्दिष्ट गाठल्याचे सरकारने जाहीर केले. २०१८च्या जैवइंधन धोरणात हेच उद्दिष्ट २०३० सालासाठी ठेवले होते. ठरलेल्या मुदतीच्या पाच वर्षे आधी पूर्ण झालेल्या सरकारी योजना आपल्याकडे फार नाहीत. त्यामुळे या यशाचे कौतुक झाले, ते योग्यच आहे.

या यशामागे एक कागद आहे. निती आयोग आणि पेट्रोलियम मंत्रालय यांच्या तज्ज्ञ समितीने तयार केलेला 'भारतातील इथेनॉल मिश्रणाचा आराखडा २०२०-२५' हा अहवाल ५ जून २०२१ रोजी, म्हणजे पर्यावरण दिनी, प्रसिद्ध झाला. त्याच दिवशी पुण्यात शुद्ध इथेनॉल विकण्याच्या प्रायोगिक प्रकल्पाचे उद्घाटनही झाले. अहवाल सर्वांना उपलब्ध आहे आणि त्याची भाषाही सोपी आहे. शिक्षकांनी तो मुळातून वाचावा असे मला वाटते. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला त्यात रसायनशास्त्र, ऊष्मागतिकी, वनस्पतिशास्त्र आणि संख्याशास्त्र असे सगळे एकत्र भेटते. आणि ज्या ठिकाणी अहवाल अपुरा पडतो, तेथे तो का अपुरा पडतो हे शालेय गणिताने दाखवता येते.

माझा आक्षेप अहवालातील आकड्यांवर नाही. आकडे बहुतेक ठिकाणी प्रामाणिक आहेत. आक्षेप आहे तो या आकड्यांपुढे जे प्रश्न विचारायला हवे होते ते विचारले नाहीत यावर. त्यातला सर्वांत मोठा प्रश्न धान्याचा आहे.

लिटर आणि ऊर्जा

प्रथम रसायनशास्त्र पाहू. ग्लुकोजच्या एका रेणूपासून किण्वनाने इथेनॉलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू मिळतात. वजनात सांगायचे तर १८० ग्रॅम साखरेपासून ९२ ग्रॅम इथेनॉल आणि ८८ ग्रॅम वायू. अर्धे वजन उडून जाते. गंमत अशी की वजन निम्मे झाले तरी ऊर्जा फारशी कमी होत नाही. एक मोल ग्लुकोज जाळल्यास सुमारे २८०० किलोज्यूल मिळतात, तर त्यापासून झालेले दोन मोल इथेनॉल जाळल्यास सुमारे २७३०. यीस्ट हा जीव ऊर्जेच्या बाबतीत अत्यंत काटकसरी दलाल आहे! उधळपट्टी होते ती पुढे. किण्वनानंतर हाती येते ते दहा-बारा टक्के इथेनॉल असलेले पाणी. ऊर्ध्वपातनाने ते ९५-९६ टक्क्यांपर्यंत नेता येते, त्यापुढे इथेनॉल आणि पाणी एकत्रच उकळतात, म्हणून उरलेले पाणी आण्विक चाळण्यांनी काढावे लागते. या सगळ्याला वाफ लागते. साखर कारखान्यात ती उसाच्या चिपाडावर होते. धान्यापासून इथेनॉल करणाऱ्या डिस्टिलरीत चिपाड नसते, तेथे भाताचे तूस किंवा सरळ कोळसा जाळतात. 'हरित इंधन' हे नाव दोघांनाही सारखेच मिळते.

दुसरी गोष्ट लिटरची. एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, तर एका लिटर इथेनॉलमध्ये सुमारे २१. म्हणजे इथेनॉलचा लिटर हा ऊर्जेच्या मापाने पाऊण लिटरही नाही, दोन तृतीयांश लिटर आहे. आता २० टक्के मिश्रणाची ऊर्जा काढा. ०.८ गुणिले ३२ अधिक ०.२ गुणिले २१, उत्तर २९.८. पेट्रोलपेक्षा सुमारे ७ टक्के कमी. मूळ पेट्रोलसाठी बांधलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवून घेतलेल्या चारचाकींचा पल्ला ६ ते ७ टक्क्यांनी घटेल असे अहवालातही म्हटले आहे. हे दोन आकडे जुळतात, हे विद्यार्थ्यांना अवश्य दाखवावे. दुचाकींसाठी अहवाल ३ ते ४ टक्के घट सांगतो. इथेनॉलचा ऑक्टेन अंक मोठा असल्याने त्यासाठीच बनवलेल्या, जास्त संपीडनाच्या इंजिनात हे नुकसान काही अंशी भरून निघते. पण देशातील बहुसंख्य गाड्या तशा नाहीत.

याचा अर्थ असा की २० टक्के मिश्रण म्हणजे २० टक्के पेट्रोलची बचत नव्हे. मिश्रणातील ऊर्जेपैकी इथेनॉलचा वाटा १४ टक्केच आहे. शिवाय आपण जेवढे पेट्रोल वापरतो त्याच्या दुपटीहून अधिक डिझेल वापरतो, आणि या कार्यक्रमाचा डिझेलशी संबंध नाही. देशात एकूण जेवढी पेट्रोलियम उत्पादने खपतात, त्यात पेट्रोलचा भाग साधारण सहावा. सहाव्या भागातील १४ टक्के म्हणजे एकूण खपाच्या दोन-अडीच टक्के. वर्षाला ३० हजार कोटी रुपयांचे परकीय चलन वाचेल असे अहवाल सांगतो. ही रक्कम लहान नाही, पण 'तेलाच्या परावलंबनातून मुक्ती' हे शब्द तिला पेलत नाहीत.

पाण्याचा एक आकडा

अहवालात एक वाक्य आहे, जे लिहिणाऱ्यांच्या प्रामाणिकपणाची साक्ष देते. उसापासून एक लिटर इथेनॉल करायला सुमारे २८६० लिटर पाणी लागते, असे ते वाक्य. हा आकडा आला कोठून? एक टन उसापासून १०० किलो साखर किंवा ७० लिटर इथेनॉल होते. एक किलो साखरेमागे १६०० ते २००० लिटर पाणी लागते असे अहवाल धरतो. वरची मर्यादा घेतली तर १०० गुणिले २००० भागिले ७०, म्हणजे २८५७. ऊस आणि भात ही दोन पिके मिळून देशातील सिंचनाच्या पाण्यापैकी ७० टक्के पाणी वापरतात, हेही अहवालातच आहे.

हे सगळे लिहून झाल्यावर समिती काय निष्कर्ष काढते? मक्यासारख्या कमी पाण्याच्या पिकांकडे वळावे, अशी शिफारस करते आणि पुढच्या मुद्द्याकडे जाते. २८६० या आकड्याचा परिणाम उद्दिष्टावर कोठेही होत नाही. उद्दिष्ट आधी ठरले होते, पाणी नंतर मोजले. मोजमापाचा निर्णयावर काहीच परिणाम होणार नसेल, तर त्याला मोजमाप का म्हणावे?

महाराष्ट्रातील वाचकांना हा विषय समजावून सांगण्याची गरज नाही. राज्यात एकूण पिकाखालील क्षेत्राच्या सुमारे ४ टक्के क्षेत्रावर असलेला ऊस सिंचनाचे जवळपास ७० टक्के पाणी घेतो, असे कृषी मूल्य आयोगाने आपल्या अहवालांतून दाखवून दिले आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, ते मिरजेहून भरले होते. त्याच लातूरच्या आसमंतात तेव्हा आणि आजही साखर कारखाने आहेत.

मळीच्या बाजूने एक गोष्ट मात्र बोलली पाहिजे. साखर काढून झाल्यावर उरणाऱ्या अंतिम मळीपासून इथेनॉल केले तर पाण्याचा हिशेब साखरेच्या नावावर जातो, इथेनॉल जवळजवळ फुकट पडते. मूळ कल्पना तीच होती आणि ती उत्तम होती. वाया जाणाऱ्या वस्तूचा उपयोग, याला कोण नाही म्हणेल? पण अंतिम मळी मर्यादित आहे. ५ टक्क्यांपर्यंतची मजल तिच्यावर मारता येते, २० टक्क्यांची नाही. म्हणून आधी साखर अर्धवट ठेवलेली 'बी-हेवी' मळी आली, मग थेट उसाचा रस आला आणि शेवटी धान्य आले. कचऱ्यापासून इंधन या कल्पनेचे पिकापासून इंधन असे रूपांतर झाले, आणि नाव तेच राहिले.

'अतिरिक्त' या शब्दाचा अर्थ

आता धान्याकडे येऊ. २० टक्के मिश्रणासाठी वर्षाला १०१६ कोटी लिटर इथेनॉल लागेल, आणि इतर उपयोग धरून क्षमता उभी करायची तर वर्षाला सुमारे ६० लाख टन साखर आणि १६५ लाख टन धान्य या कामी लागेल, असा अहवालाचा अंदाज आहे. एवढे धान्य कोठून येणार? अहवालाचे उत्तर आहे, देशात धान्य अतिरिक्त आहे.

हे उत्तर खोटे नाही. अन्न महामंडळाच्या गोदामांतील तांदूळ अनेकदा ठरलेल्या राखीव साठ्याच्या कितीतरी पट असतो. १ जुलैचा तांदळाचा राखीव साठा १३५ लाख टन ठरलेला आहे, आणि २०२५ साली प्रत्यक्ष साठा त्याच्या अनेक पट होता. त्या वर्षी सरकारने ५२ लाख टन तांदूळ इथेनॉलसाठी देऊ केला. गोदामात सडण्यापेक्षा इंधन झालेले काय वाईट, हा प्रश्न रास्त आहे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने सुमारे ८१ कोटी लोकांना बहुतांशी माणशी महिना ५ किलो धान्य मिळते. त्या दराने ५२ लाख टन म्हणजे साडेआठ कोटींहून अधिक माणसांचे वर्षाचे रेशन. हा आकडा मी कोणाला चटका लावण्यासाठी देत नाही. त्या वर्षी कोणाचे रेशन कापून तांदूळ डिस्टिलरीला गेला, असे झालेले नाही. आकडा परिमाण कळावे म्हणून आहे. एक टन तांदळापासून ४५० लिटर इथेनॉल होते, म्हणजे लिटरला सव्वादोन किलो तांदूळ. मोटारीच्या ३५ लिटरच्या टाकीत २० टक्के मिश्रण भरले तर त्यात ७ लिटर इथेनॉल असते. ते तांदळाचे असेल तर साडेपंधरा किलो तांदूळ, म्हणजे एका माणसाचे तीन महिन्यांचे रेशन.

खर्चही पाहा. हा तांदूळ डिस्टिलरीला किलोला साडेबावीस रुपयांनी दिला गेला. तो खरेदी करून, साठवून, हलवून सरकारला किलोमागे पडणारा खर्च साधारण ४० रुपये आहे. फरक साडेसतरा रुपयांचा. लिटरला सव्वादोन किलो धरले तर लिटरमागे सुमारे ३९ रुपये अन्नखात्यातून इंधनखात्याला मिळाले. पंपावरच्या पावतीत ते दिसत नाहीत.

पण माझा मुख्य मुद्दा पैशाचा नाही. 'अतिरिक्त' हा शब्द संख्याशास्त्राच्या दृष्टीने फसवा आहे. सरासरी उत्पादन सरासरी गरजेपेक्षा जास्त असले की आपण शिल्लक आहे म्हणतो. परंतु राखीव धान्य सरासरी वर्षासाठी नसतेच, ते वाईट वर्षासाठी असते. नदीची सरासरी खोली चार फूट आहे, एवढ्या माहितीवर नदी पार करणाऱ्या माणसाचे काय होते, हे आपण मुलांना सांगतोच. धान्याच्या बाबतीत सरासरीइतकेच महत्त्व सरासरीभोवतीच्या चढउताराला आहे. आणि हवामानबदलाने नेमका हाच चढउतार वाढतो आहे.

२०२२ आणि २०२३

अहवाल प्रसिद्ध झाल्यानंतरच्या दोनच वर्षांत त्याची परीक्षा झाली, म्हणून ती वर्षे जरा तपशिलाने पाहू.

मार्च २०२२ हा १९०१पासूनच्या नोंदींतील भारतातला सर्वांत उष्ण मार्च ठरला. देशाचे सरासरी कमाल तापमान ३३.१ अंश होते, नेहमीपेक्षा जवळपास दोन अंशांनी जास्त. दोन अंश म्हणजे काय मोठे, असे वाटेल. पण मार्चमध्ये उत्तरेत गव्हाचा दाणा भरत असतो. या काळात तापमान तीस-बत्तीस अंशांच्या वर गेले की झाड आपले जीवनचक्र आवरते घेते. दाणा भरण्याचे दिवस कमी होतात, स्टार्च तयार करणारी विकरे मंदावतात, दाणा बारीक आणि सुरकुतलेला राहतो. ओंब्या तेवढ्याच, वजन कमी. फेब्रुवारीत १११ दशलक्ष टनांचा असलेला गव्हाचा अंदाज मेमध्ये सुमारे १०६ पर्यंत खाली आणावा लागला. त्याच सुमारास युक्रेनमधील युद्धाने जगात गहू महाग झाला होता, व्यापाऱ्यांनी बाजारात चढ्या भावाने खरेदी केली आणि सरकारी खरेदी आदल्या वर्षीच्या ४३३ लाख टनांवरून १८८ लाख टनांवर आली. १३ मे २०२२ रोजी गव्हाची निर्यात थांबवली गेली. मोफत धान्याच्या योजनेत अनेक राज्यांत गव्हाऐवजी तांदूळ देण्यात आला.

म्हणजे त्या वर्षी गव्हाची कमी कोणी भरून काढली? 'अतिरिक्त' तांदळाने. गोदामातला तांदूळ त्या दिवशी अतिरिक्त नव्हता, तो विम्याचा हप्ता होता. आणि याच वर्षी सप्टेंबरमध्ये तुकडा तांदळाची निर्यात बंद करताना सरकारने जी कारणे दिली, त्यांत कोंबडीखाद्याबरोबर इथेनॉलसाठी तुकडा तांदूळ मिळत नाही हेही एक कारण होते. इंधन आता धान्याच्या बाजारात एक गिऱ्हाईक म्हणून उभे राहिले होते.

२०२३मध्ये एल निनो आला. ऑगस्टमध्ये देशात सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी पाऊस पडला, १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट. जुलैतच बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद झाली होती आणि अन्न महामंडळाने डिस्टिलऱ्यांना तांदूळ देणेही थांबवले होते. ७ डिसेंबर २०२३ रोजी उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास बंदी आली, आठवडाभरात ती सैल करून १७ लाख टन साखरेची मर्यादा घालण्यात आली. ज्या कारखान्यांनी सरकारच्याच सांगण्यावरून, व्याजसवलतीचे कर्ज काढून डिस्टिलऱ्या उभारल्या, त्यांना हंगाम सुरू झाल्यावर हे कळले. महाराष्ट्रातील साखरेचे उत्पादन २०२१-२२ मध्ये सुमारे १३७ लाख टन होते, २०२४-२५ मध्ये ते ८१ लाख टनांच्या आसपास आले. एका पिकाच्या या एवढ्या हेलकाव्यावर दरवर्षी न हलणारे उद्दिष्ट कसे बसवायचे, याचे उत्तर आराखड्यात नाही. सरकारने वेळेवर बंदी घातली, हे माझ्या मते बरोबरच केले. पण त्यामुळे एवढे तर सिद्ध झाले की आराखड्याला वाईट वर्षाची तरतूद करायची राहून गेली होती आणि ती ऐनवेळी हुकूम काढून करावी लागली.

ऊस आणि तांदूळ दोन्ही आटल्यावर मक्याची पाळी आली. जानेवारी २०२४मध्ये मक्याच्या इथेनॉलचा दर लिटरला ७१ रुपये ८६ पैसे करण्यात आला, उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलपेक्षा सहा रुपयांहून अधिक. परिणाम त्याच वर्षी दिसला. आदली काही वर्षे दरसाल वीस-तीस लाख टन मका निर्यात करणारा आपला देश २०२४मध्ये निव्वळ आयातदार बनला. म्यानमार आणि युक्रेनमधून मका आला. कोंबडीच्या खाद्यात निम्म्याहून अधिक मका असतो, त्यामुळे पोल्ट्रीवाल्यांनी आरडाओरड केली. मका उत्पादकाला मात्र चांगला भाव मिळाला, हे विसरता कामा नये. कोरडवाहू शेतकऱ्याला बाजारात एक नवा, पैसे देणारा ग्राहक मिळणे ही काही वाईट गोष्ट नव्हे. साखर कारखान्यांना इथेनॉलचे पैसे लवकर मिळाल्याने ऊस उत्पादकांची थकबाकी कमी झाली, हेही खरे आहे.

पण गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. धान्यातून स्टार्च काढून घेतला की प्रथिनयुक्त चोथा उरतो, टनामागे साधारण ३०० किलो. तो पशुखाद्यात सोयाबीनच्या पेंडीपेक्षा स्वस्त पडतो. तो बाजारात आला आणि पेंडीची मागणी ढिली झाली. २०२४च्या हंगामात मराठवाडा-विदर्भात सोयाबीन ४८९२ रुपयांच्या हमीभावाच्या खाली विकले गेले, त्याला इतर कारणांबरोबर हेही एक कारण होते. शेतकरी हिशेबी असतो, तो सोयाबीन सोडून मक्याकडे वळेल. १६५ लाख टन धान्य मक्याचेच धरले आणि हेक्टरी उत्पादन साडेतीन टन धरले, तर सुमारे ४७ लाख हेक्टर लागतात. महाराष्ट्रातील सोयाबीनचे सगळे क्षेत्र जवळपास तेवढेच आहे. खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक आपण आयात करतो. खनिज तेलाची आयात थोडी कमी करून खाद्यतेलाची वाढवायची, हा व्यवहार एकाच वहीत मांडला तर खटकेल. दोन मंत्रालयांच्या दोन वह्यांत असल्यामुळे तो खटकत नाही.

इतरांचा अनुभव

हे सर्व आपल्याकडेच प्रथम घडते आहे असे नाही. अमेरिकेने २००५ आणि २००७ सालच्या कायद्यांनी इथेनॉलची सक्ती केली आणि तेथील मक्याचा तिसऱ्या हिश्शाहून मोठा भाग इंधनाकडे गेला. २००७च्या जानेवारीत मेक्सिकोत मक्याच्या भाकरीच्या, म्हणजे तोर्तियाच्या, भावावरून लोक रस्त्यावर उतरले. २००८च्या जागतिक अन्नभाववाढीत जैवइंधनाचा वाटा किती टक्के यावर अर्थशास्त्रज्ञांत मतभेद आहेत, वाटा होता यावर नाहीत.

हवामानाच्या लाभाबद्दलही तेव्हाच प्रश्न उभे राहिले. २००८ साली सर्चिंगर व सहकाऱ्यांनी 'सायन्स' नियतकालिकात दाखवले की इंधनासाठी मका वळवला की धान्याची तूट भरून काढायला जगात कोठेतरी जंगल किंवा गवताळ जमीन नांगरली जाते, आणि त्या जमिनीतून सुटणारा कार्बन धरला तर मक्याचे इथेनॉल पेट्रोलपेक्षा वाईट ठरते. त्याच वर्षी, ओझोनवरील कामासाठी नोबेल मिळालेले पॉल क्रुट्झेन यांनी नत्रखताकडे लक्ष वेधले. शेतात टाकलेल्या नत्राचा काही अंश नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो, आणि हा वायू वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापमानवाढ करतो. त्यांच्या हिशेबात मका काठावर किंवा तोट्यात होता, ऊस मात्र फायद्यात. म्हणजे रसायनशास्त्र उसाच्या बाजूने आहे आणि जलशास्त्र मक्याच्या. धोरण करणाऱ्याची अडचण मी समजू शकतो.

हेक्टरभर ऊन

शिक्षकांनी वर्गात करून घ्यावे असे एक गणित येथे देतो. आपल्याकडे एका चौरस मीटरवर वर्षाला सुमारे २००० युनिट ऊर्जेचे ऊन पडते, म्हणजे हेक्टरवर २ कोटी युनिट. हेक्टरी ८० टन ऊस आणि टनाला ७० लिटर या दराने ५६०० लिटर इथेनॉल होते. लिटरमध्ये सुमारे ६ युनिट ऊर्जा, म्हणून एकूण ३३ हजार युनिट. उन्हाच्या हजार भागांतले दोन भागही हाती लागत नाहीत. आणि ऊस हे प्रकाशसंश्लेषणात अत्यंत कार्यक्षम पीक आहे! चिपाडाची ऊर्जा धरली तर हा आकडा वाढतो, पण त्यातली बरीचशी कारखान्यातच खर्ची पडते.

आता त्याच हेक्टरवर सौर पट्ट्या बसवा. एक मेगावॉटला साधारण दोन हेक्टर जागा लागते आणि वर्षाला १५ लाख युनिटच्या आसपास वीज मिळते. हेक्टरी साडेसात लाख युनिट. उसाच्या वीसपटीहून जास्त. शिवाय इंजिनापेक्षा विजेची मोटार तेवढ्याच ऊर्जेत तिप्पट अंतर तोडते. म्हणजे गाडी चालवण्यापुरते बोलायचे तर एक हेक्टर सौर पट्ट्या साठ-सत्तर हेक्टर उसाचे काम करतात, आणि त्यांना माळरान, खडकाळ जमीन चालते, पाणी लागते ते धुण्यापुरते.

विद्युतघट आयात करावे लागतात, आपली वीज अजून मुख्यतः कोळशाची आहे, रात्री ऊन नसते, या अडचणी खऱ्या आहेत. पण 'इथेनॉल की पेट्रोल' एवढेच दोन पर्याय समोर ठेवून केलेली तुलना अपुरी आहे. एका हेक्टर जमिनीचा, एक हजार लिटर पाण्याचा उत्तम उपयोग कोणता, हा खरा प्रश्न आहे. अहवालात तो नाही.

अन्नाशी न भांडणारे इथेनॉल होऊ शकते. ऑगस्ट २०२२मध्ये पानिपत येथे भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा कारखाना सुरू झाला. वर्षाला २ लाख टन पेंढा आणि ३ कोटी लिटर इथेनॉल, अशी त्याची नियोजित क्षमता आहे. पेंढ्यातील सेल्युलोज हीही ग्लुकोजचीच साखळी, पण तिचे दुवे स्टार्चसारखे सहज सुटत नाहीत आणि लिग्निनच्या वेष्टनामुळे विकरांना आत शिरता येत नाही. म्हणून ही प्रक्रिया महाग आहे. १०१६ कोटींच्या गरजेपुढे ३ कोटी म्हणजे हजारात तीन. संशोधनाचा पैसा आणि घाई या दिशेला हवी होती, असे एक संशोधक म्हणून मला वाटते. घाई झाली ती धान्य शिजवणाऱ्या डिस्टिलऱ्यांची, कारण त्यांचे तंत्र शेकडो वर्षे माहीत आहे.

२०२५पासून २० टक्क्यांच्या पुढे, २७ टक्क्यांपर्यंत जाण्याची चर्चा चालू आहे. त्यासाठी नवा आराखडा होईल. त्यात एक तक्ता असावा, एवढी माझी अपेक्षा आहे. पहिल्या रकान्यात चांगले वर्ष, दुसऱ्यात २०२२सारखे उष्ण वर्ष, तिसऱ्यात २०२३सारखे कोरडे वर्ष आणि चौथ्यात ही दोन्ही लागोपाठ आलेली. प्रत्येक रकान्यात गहू, तांदूळ, मका, साखर यांचा साठा, रेशनची गरज आणि मग इथेनॉलसाठी काय उरते ते. शेवटच्या ओळीत, उरत नसेल तर मिश्रण किती टक्क्यांवर आणायचे आणि तोवर डिस्टिलऱ्यांचे हप्ते कोणी भरायचे. पहिल्या तीन रकान्यांसाठी लागणारे आकडे सरकारच्याच प्रकाशनांत आहेत. अकरावी-बारावीचे विद्यार्थी ते दोन-तीन तासांत भरू शकतील. चौथा रकाना भरताना त्यांना काय काय गृहीत धरावे लागते, त्याची यादी मात्र त्यांच्याकडून वेगळी लिहून घ्यावी.